हरलेला संघ पुन्हा यावा म्हणून

दिवाळी संपली की महाराष्ट्रातल्या शहरांत शनिवार-रविवारची मैदानं भरू लागतात ती थेट पहिल्या पावसापर्यंत. गृहसंकुलांच्या, बँकांच्या, आयटी कंपन्यांच्या, डॉक्टर-वकिलांच्या संघटनांच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि ज्ञातिमंडळांच्या क्रिकेट लीग या काळात चालतात. कुठे टेनिस बॉलवर सहा-आठ षटकांचे सामने, कुठे जाळीने बंदिस्त केलेल्या टर्फवर बॉक्स क्रिकेट, कुठे निव्वळ अंडरआर्म. संघांना नावं मिळतात, जर्सी छापून येतात, खेळाडूंचा लिलाव होतो, माइकवर समालोचन चालतं, सामना मोबाइलवर थेट दिसतो. एवढ्या तयारीत नियमांचा कागद मात्र सर्वांत शेवटी, बहुधा आदल्या रात्री, व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. षटकं किती, जाळीला चेंडू थेट लागला तर धावा किती, छताला लागला तर बाद की नाही, हे त्यात असतं. वाद झाला तर काय करायचं, कुणी शिवी दिली तर काय, संघात कोण खेळू शकतं आणि कोण नाही, याबद्दल मिळून एकच ओळ असते: आयोजकांचा निर्णय अंतिम राहील. साखळी सामन्यांत ही ओळ पुरते. उपांत्य फेरीत एखादा धावबाद वादात सापडतो, आयोजक स्वतःच त्यातल्या एका संघाकडून खेळत असतो, आणि मग एकाच इमारतीत राहणारी माणसं लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलेनाशी होतात.

या भांडणांबद्दल दोन मतं कायम ऐकू येतात. खेळ म्हटला की असं होणारच, हे एक. मजेसाठी तर खेळतो, मग नियमांचं एवढं काय, हे दुसरं. दोन्ही मला चुकीची वाटतात, आणि दोन्हींच्या तळाशी एकच समजूत आहे: हौशी खेळ म्हणजे व्यावसायिक खेळाचीच सैल, घरगुती आवृत्ती. माझं म्हणणं असं की हौशी लीगला व्यावसायिक स्पर्धेपेक्षा अधिक विचार करून केलेले नियम लागतात, कारण तिथे ते पाळायला लावणारं बाहेरचं कुणी नसतं. व्यावसायिक खेळाडू कराराने बांधलेला असतो. मानधनातून दंड कापला जातो, सामनाधिकारी अहवाल देतो, मंडळ बंदी घालतं. अंपायरचा निर्णय कितीही झोंबला तरी पुढच्या सामन्याला त्याला यावंच लागतं. सोसायटीच्या लीगमध्ये खेळणाऱ्यावर यातलं कसलंच बंधन नाही. त्याला आवडलं नाही तर तो पुन्हा येत नाही, एवढंच. अशा लीगकडे असलेली एकमेव पुंजी म्हणजे माणसांची परत येण्याची इच्छा. म्हणून तिथल्या प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारला पाहिजे: या नियमामुळे आज हरलेला संघ, आज शून्यावर बाद झालेला माणूस, पुढच्या रविवारी पुन्हा येईल का?

खेळांचे नियम मुळात लिहिले गेले तेही माणसांना एकत्र खेळता यावं म्हणूनच. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम लिहून काढले. तोवर गावोगाव खो-खो चालत होताच, पण जो तो आपापल्या रीतीने खेळायचा. एकाच आळीतली मुलं खेळतात तोवर रीत तोंडी असली तरी भागतं. दुसऱ्या गावचा संघ समोर उभा राहिला की लिहिलेलं लागतं. इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशन 1863 मध्ये स्थापन झाली तीही वेगवेगळ्या शाळांत आणि क्लबांत वेगवेगळ्या नियमांनी खेळणाऱ्यांना एका मैदानात उतरता यावं म्हणून. त्या सुरुवातीच्या फुटबॉलमध्ये पंच नव्हताच. वाद दोन्ही कर्णधारांनी मिटवायचे. पुढे प्रत्येक संघाचा एकेक अंपायर आला, त्या दोघांचं जमलं नाही तर विचारायला मैदानाबाहेर एक रेफरी आला, आणि तो रेफरी प्रत्यक्ष मैदानात उतरला 1891 मध्ये. पेनल्टी किकही त्याच वर्षीची. क्रिकेटमध्ये तर या जुन्या व्यवस्थेची खूण अजून शिल्लक आहे. अपील झाल्याशिवाय अंपायर कुणालाही बाद ठरवू शकत नाही. म्हणजे प्रश्न आधी खेळाडूंनी आपसात सोडवायचा आणि अडलं तरच अंपायरकडे जायचं. आपल्या लीगला चांगले पंच मिळत नाहीत, अशी खंत आयोजक करतात तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. पंच खेळात बराच नंतर आला, आणि त्याच्याआधीही खेळ नीट चालत होते, कारण ते चालवण्याची जबाबदारी खेळणाऱ्यांवर होती.

नियम लिहायचे म्हणजे कुणीतरी एकाने लिहून बाकीच्यांना पाठवायचे, असा अर्थ मात्र होत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे याने गोट्या खेळणाऱ्या मुलांचं निरीक्षण केलं आणि त्यावर 1932 मध्ये पुस्तक लिहिलं. त्याला आढळलेली गोष्ट प्रत्येक आयोजकाने विचारात घ्यावी अशी आहे. लहान मुलांना वाटायचं की गोट्यांचे नियम वडीलधाऱ्यांनी किंवा देवानेच घालून दिले आहेत, ते कुणाला बदलता येणार नाहीत. आणि हीच मुलं खेळताना ते नियम सर्रास मोडायची. दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांना ठाऊक असायचं की नियम आपणच ठरवतो आणि सगळ्यांचं एकमत झालं तर तो बदलूही शकतो. आणि ही मुलं नियम बारकाईने पाळायची. ज्या नियमाच्या घडणीत आपला हात असतो तो मोडताना माणूस कचरतो. 'आयोजकांचा निर्णय अंतिम' ही ओळ चाळिशीतल्या माणसांना त्या लहान मुलांच्या रांगेत नेऊन बसवते. नियम त्यांचा नसतो, आयोजकाचा असतो. तो चुकवला तर फसवणूक झाल्यासारखं त्यांना वाटत नाही, आणि तो अंगावर आला की अन्याय झाल्यासारखं वाटतं.

आपल्या गल्लीतल्या क्रिकेटला हे कुणी शिकवायला लागलं नव्हतं. जागा अरुंद, म्हणून एक टप्पा झेल बाद. समोरच्या घरात चेंडू गेला तर मारणारा बाद आणि चेंडूही त्यानेच मागून आणायचा. खेळाडू विषम झाले तर एक जण दोन्हीकडून खेळणार. आणि कुणाचा तरी पाच-सहा वर्षांचा धाकटा भाऊ असायचाच, तो कच्चा लिंबू. बाद झाला तरी तो बाद नाही, पण त्याला बॅट मिळणार. हे नियम हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. असलेली जागा, असलेली माणसं आणि शेजाऱ्यांचा असलेला संयम एवढ्यावर उद्याही खेळ व्हावा, यासाठी केलेली ती अत्यंत शहाणी रचना होती. ऑस्ट्रेलियात रुजलेल्या इनडोअर क्रिकेटची नियमावली याच तत्त्वावर उभी आहे. आठ-आठ खेळाडूंचे संघ, सोळा षटकं, प्रत्येक खेळाडूने दोन षटकं टाकायचीच, फलंदाजांच्या जोड्या चार-चार षटकं खेळणार, आणि बाद झालं तर संघाच्या पाच धावा कमी होणार, पण फलंदाज खेळतच राहणार. पहिल्याच चेंडूवर बाद होऊन उरलेला वेळ टाळ्या वाजवत बसायची वेळ कुणावर येत नाही. तरीही चुकीची किंमत मोजावी लागते, त्यामुळे चुरस कमी होत नाही.

मोठी माणसं लीग सुरू करतात तेव्हा मात्र गल्लीचं हे शहाणपण बाजूला पडतं आणि 2008 मध्ये सुरू झालेल्या आयपीएलचं रूप समोर उभं राहतं. त्यातली सर्वांत घातक उचल म्हणजे जाहीर लिलाव. व्यावसायिक खेळाडूचा लिलाव हा त्याच्या रोजगाराचा व्यवहार आहे. त्याने त्यासाठी नाव दिलेलं असतं आणि त्यातून त्याला पैसे मिळतात. सोसायटीच्या सभागृहात बायकामुलांसमोर जेव्हा एखाद्याचं नाव पुकारलं जातं आणि मूळ किमतीलाही कुणी हात वर करत नाही, तेव्हा त्या माणसाला मिळतं काय? तो ज्या लोकांबरोबर रोज राहतो किंवा काम करतो त्यांच्यासमोर आपली किंमत ऐकून तो घरी जातो. लिलावाने रंगत येते, संघ समतोल होतात, असं समर्थन केलं जातं. समतोल साधायचा तर दुसऱ्या वाटा आहेत. कर्णधारांनी बंद खोलीत बसून खेळाडूंचे तीन-चार गट पाडावेत आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या काढाव्यात. संघ तितकेच तुल्यबळ होतात आणि कुणाचा भाव चारचौघांत पुकारला जात नाही. रंगत हवी असेल तर ती मैदानावर येऊ द्यावी.

दुबळ्या खेळाडूला सांभाळणारा नियम त्याचाच अपमान करतो, असा आक्षेप इथे येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. विशेषतः मिश्र लीगमध्ये महिलांच्या धावा दुप्पट धरणं किंवा त्यांना हळू चेंडू टाकणं, यांबद्दल अनेक महिला खेळाडूंची नाराजी रास्त आहे. पण उत्तर नियम काढून टाकण्यात नाही, बरा नियम करण्यात आहे. गोल्फमध्ये हँडिकॅपची पद्धत आहे. नवशिक्याला ठरावीक फटक्यांची सवलत मिळते आणि तो कसलेल्या खेळाडूशी बरोबरीने सामना खेळतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण सवलत मोजून, सर्वांना एकाच मापाने दिलेली असते. 1902 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये एका शिक्षकाने घडवलेल्या कोर्फबॉल या खेळात चार पुरुष आणि चार स्त्रिया एकत्र खेळतात, आणि बचाव करताना पुरुषाने पुरुषासमोर, स्त्रीने स्त्रीसमोर उभं राहायचं असतं. त्या रचनेत स्त्री खेळाडूवाचून सामना पुढे सरकतच नाही. आपल्या लीगमध्ये संघात दोन महिला हव्यात एवढाच नियम असतो, आणि मग त्या दोघी सीमारेषेवर उभ्या राहतात. दोन षटकं त्यांनी टाकायची आणि फलंदाजीच्या पहिल्या चार क्रमांकांत त्यांच्यापैकी एक असायचीच, असा नियम असेल तर संघ त्यांच्याबरोबर सरावही करेल.

कोण खेळू शकतं, हा नियम सगळ्यांच्या आधी येतो. आपल्या क्रिकेटच्या इतिहासात या प्रश्नाचं ओझं मोठं आहे. पळवणकर बाळू हा चर्मकार समाजात जन्मलेला डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या हिंदू संघाला हवा होता, कारण त्याच्यावाचून जिंकणं अवघड होतं. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सगळे हाताळत. चहापानाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. 1911 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या खेळाडूला मुंबईतल्या धर्मनिहाय संघांच्या स्पर्धेत हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं, तेही मोठ्या वादानंतर. ती स्पर्धा 1946 मध्ये बंद पडली. आज ज्ञातीच्या नावाने लीग भरवणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा ओळखीपाळखी वाढवण्याचा असतो, हे मान्य करूनही मला वाटतं की खेळासाठी माणसं निवडण्याचं ते सर्वांत नि:सत्त्व माप आहे. आळी, कार्यालय, शाळा, मैदान ही मापं माणसाला त्याच्या जन्मापलीकडच्या लोकांत नेतात. लीग सामाजिक म्हणायची तर तिने एवढं तरी करावं.

याच प्रश्नाचा दुसरा, रोजचा भाग म्हणजे बाहेरून आणलेला खेळाडू. टेनिस बॉलच्या बक्षिसी स्पर्धा खेळत फिरणारे तयार खेळाडू ठाणे, रायगड, कोकण भागांत खूप आहेत आणि त्यांच्या कौशल्याबद्दल आदरच आहे. पण उपांत्य फेरीला कुणाचा तरी 'मावसभाऊ' म्हणून असा खेळाडू उतरवला की हंगामभर खेळलेला एक जण बाहेर बसतो आणि समोरच्या सगळ्या संघाचा खेळ व्यर्थ ठरतो. ही फसवणूक चुकीच्या झेलापेक्षा मोठी आहे. तिच्यावरचा उपाय साधा आहे: पहिल्या सामन्यापूर्वी नावांची यादी बंद, किमान दोन साखळी सामने खेळलेलाच बाद फेरीत पात्र, आणि नियम मोडला तर सामना गेला. यात दयामाया नको, कारण हा गुन्हा रागाच्या भरात होत नाही, ठरवून केला जातो.

आता प्रत्यक्ष खेळताना. चेंडूने बॅटची कड घेतली का, झेल जमिनीला टेकण्याआधी हातात आला का, पाय रेषेच्या आत होता का, हे बहुतेक वेळा ज्याचं त्याला ठाऊक असतं. हौशी लीगने याच माहितीवर उभं राहावं. हे स्वप्नरंजन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी अल्टिमेट हा खेळ पाहावा. 1968 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एका शाळेच्या मुलांनी सुरू केलेला हा फ्लाइंग डिस्कचा खेळ आज मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळुरूमध्येही खेळला जातो. त्याच्या जागतिक स्पर्धांतसुद्धा फाउल कुणी केला याचा निर्णय खेळाडूच घेतात. ज्याच्यावर फाउल झाला तो पुकारतो, खेळ थांबतो, दोघे थोडक्यात बोलतात. दुसऱ्याला पटलं नाही तर डिस्क फेकणाऱ्याकडे परत जाते आणि तो भाग पुन्हा खेळला जातो. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांच्या वर्तनाला पाच बाबींवर प्रत्येकी शून्य ते चार गुण देतात: नियमांचं ज्ञान, धसमुसळेपणा टाळणं, निष्पक्षता, स्वतःवर ताबा आणि संवाद. या गुणांचा वेगळा तक्ता लागतो आणि त्याचं वेगळं पारितोषिक असतं. बॉक्स क्रिकेटला यातलं जवळजवळ सगळं जसंच्या तसं घेता येईल. कड लागली तर फलंदाजाने स्वतःहून जावं, झेलाबद्दल क्षेत्ररक्षकाचा शब्द प्रमाण मानावा, आणि धावबादचं खरंच कळलं नसेल तर तो चेंडू पुन्हा टाकावा. चेंडू परत टाकणं हे गल्लीतलं जुनंच न्यायतत्त्व आहे. त्याने कदाचित पूर्ण न्याय होत नसेल, पण कुणावरही पूर्ण अन्याय होत नाही.

मग जो प्रामाणिक तो हरणार आणि जो निगरगट्ट तो चषक नेणार, असं यावर म्हटलं जातं. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मोठ्या मैदानावरही दिसलं आहे. फेब्रुवारी 1980 मध्ये वानखेडे स्टेडियमवर सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडचे 58 धावांत पाच गडी बाद झाले होते. बॉब टेलरला अंपायरने यष्टीमागे झेलबाद दिलं. भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याला खात्री वाटली की बॅट लागलेली नाही, आणि त्याने अंपायरला विनंती करून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी 171 धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. सचोटी महाग पडते ती अशी. पण हौशी लीगमध्ये हिशोब बदलतो. तिथे तीच ती माणसं पुन:पुन्हा समोर येतात. या रविवारी खोटा झेल पुकारणाऱ्याचा शब्द पुढच्या रविवारी कुणी मानत नाही, आणि ज्याने स्वतःहून पॅव्हेलियनची वाट धरली त्याने 'नाही लागली' म्हटलं तर ते लगेच मानलं जातं. खोटेपणाची किंमत वसूल व्हायला फक्त दोन गोष्टी लागतात: पुन्हा गाठ पडण्याची खात्री आणि वर्तनाची उघड नोंद. पहिली सोसायटीत आपोआप असते. दुसरीसाठीच अल्टिमेटसारखा गुणतक्ता हवा. एक-दोन हंगाम काही संघ त्याचा गैरफायदा घेतीलही. तरी ते सगळ्यांना दिसेल, आणि आज तेवढंही होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पैसे देऊन पंच आणणं. परवडत असेल तर जरूर आणावेत, विशेषतः बाद फेरीसाठी. पण पंच आणला म्हणजे वर्तनाचा प्रश्न सुटला, असं समजू नये. अनेकदा तो चिघळतो, कारण खेळाडू सचोटीची जबाबदारीही त्याच्यावर टाकून मोकळे होतात. मग 'त्याने दिलं नाही ना, मी का जाऊ' हा युक्तिवाद सुरू होतो. आणि बहुतेक लीगमध्ये पंच म्हणजे दुसऱ्या संघातला एखादा जण किंवा हाताशी सापडलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असतो, ज्याच्यावर चाळिशीतले गृहस्थ धावून जातात. इंग्लंडच्या क्लब क्रिकेटमध्येही अंपायरांना होणारी शिवीगाळ एवढी वाढली की क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने 2017 च्या नव्या नियमसंहितेत खेळाडूंच्या वर्तनावर 42 वा नियम घातला. तोपर्यंत अंपायरच्या हाती मैदानावर तक्रार करण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. आता चार पायऱ्या आहेत. किरकोळ गैरवर्तनाला आधी ताकीद आणि पुन्हा घडलं तर प्रतिस्पर्ध्याला पाच धावा. त्याहून गंभीर असेल तर थेट पाच धावा. अंपायरवर दहशत आणली किंवा दुसऱ्या खेळाडूला मारहाणीची धमकी दिली तर काही षटकं मैदानाबाहेर. अंपायरला मारहाणीची धमकी किंवा कुणावरही प्रत्यक्ष हात टाकला तर उरलेल्या सामन्यातून बाहेर. आणि खेळाडूला बाहेर जायला सांगायचं ते त्याच्याच कर्णधाराने. ही शेवटची तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या माणसाला आपणच थांबवणं, ही कर्णधारपदाची पहिली परीक्षा आहे.

शिक्षा ठरलेल्या आणि चढत्या असाव्यात, याला खेळाबाहेरही भक्कम आधार आहे. एलिनॉर ऑस्ट्रम या राज्यशास्त्रज्ञ विदुषीने 1990 च्या आपल्या पुस्तकात पाणी, कुरणं, मासेमारी अशी सामायिक साधनं लोकांनी सरकारी दंडुक्याशिवाय पिढ्यानपिढ्या कशी टिकवली ते तपासलं. तिला 2009 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांत तिला काही समान गोष्टी दिसल्या. सभासद कोण हे स्पष्ट असतं, नियम बदलण्यात सभासदांचा वाटा असतो, देखरेख त्यांच्यातलीच माणसं करतात, तंटा जागच्या जागी स्वस्तात मिटतो, आणि पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असून ती पुढे वाढत जाते. आपल्या धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीच्या सिंचनातही शेतकऱ्यांनी नेमलेले पाटकरी आणि गावाने मिळून ठरवलेले नियम, असंच होतं. लीग हेही असंच सामायिक साधन आहे. एकाच्या वागण्याने ते सगळ्यांसाठी आटतं. आपल्याकडे होतं असं की पहिल्या शिवीकडे, दुसऱ्या शिवीकडे दुर्लक्ष होतं, आणि तिसऱ्या वेळी कॉलर धरली गेली की थेट दोन वर्षांची बंदी. दोन्ही टोकं सोयीची, कारण दोन्हींत कुणाला तोंडावर काही सांगावं लागत नाही. एका षटकासाठी बाहेर बस, एवढं वेळीच सांगितलं असतं तर बंदीची वेळ आली नसती.

पंच आणि प्रतिस्पर्धी यांच्याशी कसं वागावं हे निदान बोललं तरी जातं. हौशी लीगमधलं सर्वांत वाईट वर्तन मात्र स्वतःच्या संघातच घडतं आणि त्याला सहसा शिक्षा होत नाही. झेल सुटल्यावर सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडणं, कमकुवत सहकाऱ्याला मुद्दाम धाव न देता स्ट्राइक आपल्याकडे ठेवणं, त्याचं षटक आलं की चेंडू काढून दुसऱ्याच्या हातात देणं. ज्याच्याबाबतीत हे घडतं तो वाद घालत नाही. तो पुढच्या वर्षी वर्गणी भरत नाही, आणि विचारलं तर गुडघा दुखतो म्हणून सांगतो. म्हणून स्वतःच्या सहकाऱ्याला मैदानावर बोल लावणं हेही ताकिदीचं कारण मानावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. चुरशीत तोंडून शब्द जातोच, हे खरं. प्रतिस्पर्ध्याला उद्देशून गेलेल्या शब्दालाही आपण हेच कारण देत असू, तरी त्याची शिक्षा मानतो. मग आपल्याच माणसाला कमी संरक्षण का?

एवढ्या नियमांत ईर्षा मरून जाईल, ही भीती मला पटत नाही. जिंकण्यासाठी जीव ओतणं हा प्रतिस्पर्ध्याचा सन्मानच आहे. अर्ध्या मनाने खेळणाऱ्याशी हरण्यातही मजा नसते आणि जिंकण्यातही. ईर्षा बिघडते ती रोख बक्षिसाने. पन्नास हजार किंवा लाखाची रक्कम लावली की बाहेरचा खेळाडू येतो, संघमालक येतो, खर्च वसूल करण्याची भाषा येते, आणि रडीचा डाव खेळणाऱ्याला पाठीराखे मिळतात. तोच पैसा पुढच्या हंगामाचं मैदानभाडं, सर्वांसाठी हेल्मेट, प्रथमोपचाराचं साहित्य आणि दोन चांगल्या पंचांचं मानधन यांवर खर्चावा. बाकी काही गोष्टी वादाच्याही नाहीत: छातीत दुखलं तर 108 ला फोन कोण करणार हे आधी ठरवणं, मे महिन्यात दुपारी बाराचे सामने न ठेवणं, रात्री दहानंतर टर्फवरचा माइक बंद करणं. शेजारी झोपू न शकलेला माणूसही लीगचा एक पक्ष आहे.

नव्या हंगामाची तयारी करणाऱ्या आयोजकांना आणि कर्णधारांना म्हणून विनंती आहे. जर्सीचा रंग आणि संघाचं नाव ठरण्याआधी एका संध्याकाळी सगळे कर्णधार, आणि प्रत्येक संघातला सर्वांत कमी खेळता येणारा एक जण, असे एकत्र बसा. मागच्या वर्षी कोण खेळत होतं आणि या वर्षी कुणी नाव दिलेलं नाही, याची यादी समोर ठेवा. त्यांच्यापैकी तिघा-चौघांना फोन करा, का येत नाही ते विचारा, आणि ते जे सांगतील त्यावरून पहिले नियम लिहा.